मनकर्णा नाही असे लिहून देता येत नसल्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक महोदया,
विभागीय हातमाग-नोंद कार्यालय,
नागपूर.

अर्जदार : हेमराज बाबनराव धकाते, वरिष्ठ लिपिक, उपकार्यालय कळमेश्वर. राहणार पाचपावली, नागपूर.

विषय : कादंबरीतील पात्र श्रीमती मनकर्णा अस्तित्वात नाही असे प्रतिज्ञापत्र देण्यास अर्जदार असमर्थ असल्याबाबत, व सदर श्रीमती मनकर्णा यांच्या बदलीच्या अर्जावर निर्णय होण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पुस्तक-प्रकाशनासाठी ना-हरकत मागणारा अर्ज, आवक क्र. ११८७, दि. २ जून २०२५.
२) श्रीमती मनकर्णा यांचा अर्ज, आवक क्र. ११८८, दि. २ जून २०२५.
३) आपले पत्र दि. १७ नोव्हेंबर २०२५.

महोदया,

१. अर्जदार या कार्यालयाच्या सेवेत एकोणीस वर्षे आहे. पैकी शेवटची अकरा वर्षे कळमेश्वर उपकार्यालयात, खिडकीजवळच्या टेबलावर. विणकरांच्या वस्त्यांतून चालू माग किती, बंद माग किती, हे आकडे येतात. ते वहीत चढवणे हे अर्जदाराचे काम. अर्जदार स्वतः मागावर बसणाऱ्या कोष्ट्याच्या घरातला आहे, त्यामुळे बंद मागांच्या रकान्यात आकडा लिहिताना हात थोडा अडतो, एवढीच काय ती त्याची कामातली कसूर. 'मी' असे लिहिण्याची सवय सेवेत राहिली नाही. म्हणून हा अर्जही 'अर्जदार' याच नावाने लिहिला आहे, तो गोड मानून घ्यावा.

२. अर्जदाराने एक विज्ञान-कादंबरी लिहिली आहे. सीताबर्डीचे प्रकाशक श्री. मधुसूदन पाध्ये हे नव्या लेखकांच्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा चार पुस्तकांचा संच काढत आहेत. बाकीचे तिघे असे : अपूर्व, हिंगण्याच्या कारखान्यात अभियंता, त्याच्या कादंबरीत उद्याच्या पाळीचा भोंगा आजच वाजतो आणि कामगार उद्याच्या अपघातापासून पळत सुटतात. नूपुर, दातांची डॉक्टर. तिने तळ्याखालचे एक राज्य रचले आहे, तिथे खोटे बोलले की दात पडतो, आणि राजा बोळका आहे. सुरुची, शाळेत भूगोल शिकवते. तिच्या पुस्तकात संत्र्याच्या बागा वर्षाला एक पाऊल चालतात आणि तलाठी दरवर्षी नवा नकाशा काढून काढून वेडा होतो. तिन्ही पुस्तके अर्जदाराने वाचली. मनापासून सांगायचे तर हेवा वाटला. या तिघांनी लिहिले आणि नेऊन दिले, कोणाला विचारले नाही. अर्जदाराने मात्र कार्यालयाची ना-हरकत मागितली. ती लागत नाही असे सहकारी सांगत होते, पण एकोणीस वर्षांची खोड जाते थोडीच! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३. कादंबरीची हकिकत थोडक्यात अशी. चंद्राच्या पाठीमागल्या बाजूला एक उपकेंद्र आहे. तिथे उन्हाच्या रेट्यावर चालणाऱ्या जहाजांची शिडे हातमागावर विणली जातात. मनकर्णा ही तिथली विणकर, वय एकेचाळीस, अकरा वर्षे एकाच ठिकाणी. त्या बाजूने पृथ्वी कधीच दिसत नाही. घरी तिची आई आहे, आणि आईची नजर गेली आहे. म्हणून मनकर्णा नागपूर मुख्यालयात बदली मिळावी असा अर्ज करते. हा अर्ज पान ४ वर आहे. पान ३१२ वर कादंबरी संपते, तोवर त्याला उत्तर आलेले नाही.

४. येथे एक कबुली देणे भाग आहे. पान ४ वरील अर्ज अर्जदाराने रचलेला नाही. तो अर्जदाराचा स्वतःचा, सन २०१४ चा बदलीचा अर्ज आहे. 'कळमेश्वर' खोडून 'चंद्र' केले, 'बसने' खोडून 'यानाने' केले, आणि खाली सही मनकर्णाची केली. बाकी आई तीच, तिचे डोळे तेच. 'तरी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' हे वाक्यसुद्धा तेच. त्यामुळे तो अर्ज नमुन्यात अगदी बिनचूक उतरला, आणि तिथेच घात झाला.

५. आपल्या आवक शाखेत एक रीत आहे. मागे कधीतरी एका अर्जामागे टाचलेला दुसरा अर्ज गहाळ झाला आणि शाखेला खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून, ज्या कागदाच्या डोक्यावर 'प्रति' आणि खाली 'विषय' दिसेल तो कागद सुटा करायचा आणि त्याला वेगळा क्रमांक द्यायचा. अर्जदाराने ना-हरकतीच्या अर्जासोबत संपूर्ण हस्तलिखित जोडले होते. आवक लिपिक पुष्पलताताई यांनी ते पान-पान उलटून पाहिले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल तक्रार नाही; कादंबरीचे एवढे नीट वाचन प्रकाशकानेही केलेले नाही. पान ४ त्यांनी काढून घेतले, शिक्का मारला आणि आस्थापना शाखेकडे पाठवले. अर्जदाराने नंतर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, प्रति दिसलं का शिक्का मारायचा, मले तेवढंच माहीत. ती चंद्रावर राहते का चंद्रपुरात, ते पाहणं आवकचं काम नाही." हे त्यांचे म्हणणे नियमाला धरून आहे.

६. पुढची चूक मात्र अर्जदाराची. जुलैमध्ये विचारणा आली : 'श्रीमती मनकर्णा यांचे सेवापुस्तक सादर करावे.' त्याच वेळी, बाई काल्पनिक आहे, असे एका ओळीत कळवले असते तर सुंठीवाचून खोकला गेला असता. पण विचारणेतल्या रकान्यासमोर जे विचारले त्याचेच उत्तर द्यायचे, हे अर्जदाराच्या हाडीमाशी खिळले आहे. त्याने लिहिले, 'उपलब्ध नाही.' कार्यालयाने त्याचा अर्थ सेवापुस्तक हरवले असा घेतला आणि दुय्यम सेवापुस्तक तयार करण्याची नस्ती उघडली. ऑगस्टमध्ये जन्मतारीख मागितली; अर्जदाराने पान १७ वरून दिली. सप्टेंबरमध्ये सध्याच्या जागी रुजू झाल्याची तारीख मागितली. ती पान ५२ वर होती. ओळखीची खूण मागितली तेव्हा डाव्या तर्जनीवर मागाच्या धोट्याचा जुना व्रण असल्याचे कळवले. हा व्रण अर्जदाराच्या आईच्या बोटावर आहे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असे होत असताना अर्जदाराला ते दिसत होते. तरी तो थांबला नाही. कारण एवढ्या वर्षांत कार्यालयाने प्रथमच त्याला काहीतरी आस्थेने विचारले होते.

७. ऑक्टोबरात अर्जदार मुख्यालयात आला असता त्याने ती नस्ती डोळ्यांनी पाहिली. आस्थापनेचा शेरा असा होता : 'कर्मचारी अतिदुर्गम क्षेत्रात सलग अकरा वर्षे कार्यरत. माता दृष्टिहीन. विनंती रास्त वाटते. मुख्यालयात विणकाम-नोंदीचे एक पद रिक्त आहे. सकारात्मक विचार व्हावा.' हे वाचून अर्जदार जिन्यातच बसला. त्याच्या स्वतःच्या २०१४ च्या अर्जावर आजवर दोनच शेरे आहेत. पहिला, 'पाहिले.' दुसरा, 'कळमेश्वर ते नागपूर अंतर दैनंदिन येण्याजाण्याजोगे असल्याने गैरसोय दिसून येत नाही. प्रतीक्षेत ठेवावे.' अंतर दैनंदिन आहे, हे खरेच आहे. अर्जदार रोज सकाळी आठला निघतो आणि संध्याकाळी सातला घरी येतो. मधले अकरा तास आई एकटी भिंतीला हात लावत घरात फिरते. ती एकदा म्हणाली होती, "रोज येतं गा तू, पण आल्यासारखा काही दिसत नाही." जिला दिसत नाही तिने हे म्हणावे, याचे अर्जदाराला फार वाईट वाटले होते. चंद्र लांब असल्यामुळे मनकर्णाची दया येते. कळमेश्वर जवळ पडते, हाच अर्जदाराचा गुन्हा.

८. त्यानंतर मात्र अर्जदाराने मन घट्ट केले आणि कक्ष अधिकाऱ्यांना तोंडी सांगितले की ही बाई कादंबरीतली आहे. त्यांनी नस्ती पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाले, "तसं लिहून द्या." त्यावरून संदर्भ क्र. ३ चे पत्र आले. मनकर्णा नावाची व्यक्ती 'अस्तित्वात नाही, नव्हती व यापुढे राहणार नाही' असे प्रतिज्ञापत्र दिल्यास तिचा अर्ज नस्तीबंद होईल आणि त्याच दिवशी ना-हरकत मिळेल. न दिल्यास दोन्ही अर्ज एकमेकांत गुंतलेले असल्याने दोन्ही प्रलंबित राहतील. प्रकाशन रविवार दि. १४ डिसेंबरला आहे. ना-हरकतीचा अर्ज एकदा केल्यावर निकालापूर्वी छापणे म्हणजे शिस्तभंग, असेही पत्रात आहे. पाध्ये यांनी सांगितले आहे की दि. ३० नोव्हेंबरपर्यंत कागद आला नाही तर चाराऐवजी तिघांचा संच निघेल. संचाची जाहिरातही गेली आहे, त्यात अर्जदाराचे नाव आहे. आयुष्यात पहिल्यांदा हजेरीपटाबाहेर कुठेतरी नाव छापून आले.

९. अर्जदाराने प्रतिज्ञापत्राचा कागद आणला, मजकूर लिहिला, फक्त सही राहिली होती. गेल्या रविवारी दुपारी तो कागद घेऊन तो घरी टेबलाशी बसला होता. आई, चंद्रकलाबाई, जवळच लसूण सोलत बसल्या होत्या. कादंबरी त्यांनी पूर्ण ऐकली आहे. अर्जदार रोज कामावरून आला की दोन-तीन पाने वाचून दाखवीत असे. आपल्या कार्यालयाचे नाव असलेला लिफाफा फाडल्याचा आवाज त्यांनी आदल्या दिवशी ऐकला होता. त्यांनी विचारले, "काय लिहून राहिला?" अर्जदाराने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "ती तिथं अटकून बसली हाये, अन् तू लिहून देऊन राहिला का ती नाहीच म्हणून? काहून?" अर्जदाराने नियम समजावला. पुस्तक अडेल हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "मग त्या बाईले घरी आण ना. लिहिणारा तं तूच होय ना गा?"

१०. महोदया, लिहिणारा अर्जदारच आहे. तीनशे बारा पाने त्याने मनकर्णाला उत्तराची वाट पाहायला लावले. परत आणण्याचे एक वाक्य लिहायला त्याला कोणी अडवले नव्हते. पण बदलीचा अर्ज मंजूर कसा होतो, हे त्याने कधी पाहिलेलेच नाही. मंजुरीच्या आदेशात काय लिहितात, पहिले वाक्य कसे असते, हे त्याला ठाऊक नाही. लेखक म्हणून त्याची धाव तेवढीच. उडत्या जहाजांची शिडे त्याला सुचली, मंजुरी सुचली नाही. याची त्याला लाज वाटते.

११. आणखी एक अडचण आहे, ती आपल्या निदर्शनास आणणे कर्तव्य समजतो. मुख्यालयात पद एकच रिक्त आहे. त्यासाठी प्रतीक्षायादीत पहिले नाव अर्जदाराचे आहे, अकरा वर्षांपासून. त्यामुळे शेरा कितीही सकारात्मक असला तरी अर्जदार यादीतून बाजूला झाल्याशिवाय मनकर्णाचे काम होणार नाही. म्हणजे अर्जदार कळमेश्वरला अडकलेला, आणि त्याच्या नावामागे ती चंद्रावर अडकलेली. हे आईला सांगितले तेव्हा त्यांनी लसणाची ताटली बाजूला सारली आणि म्हणाल्या, "तू तं रोज येतं गा. ती कधी येईन?"

१२. सबब विनंती की,

अर्जदार मागितलेले प्रतिज्ञापत्र देऊ शकत नाही. त्याबद्दल होणारे परिणाम त्याला मान्य आहेत. संचातून त्याचे पुस्तक वगळावे असे त्याने पाध्ये यांना आजच कळवले आहे, म्हणजे अपूर्व, नूपुर आणि सुरुची यांचा खोळंबा होणार नाही. हे लिहिताना फार जड गेले, पण कळवले.

अर्जदार आपला सन २०१४ चा बदलीचा अर्ज या पत्रान्वये बिनशर्त मागे घेत आहे. मुख्यालयातील रिक्त पदाच्या आड आता कोणाचाही हक्क येत नाही.

श्रीमती मनकर्णा यांचा अर्ज आवक क्र. ११८८ नस्तीबंद न करता त्यावर गुणवत्तेनुसार निर्णय व्हावा. सर्व विचारणांची उत्तरे वेळेत दिलेली आहेत, सेवापुस्तकही आपल्याच कार्यालयाने तयार केले आहे. आता फक्त आपली सही राहिली आहे. ती झाल्यास तो आदेश जसाच्या तसा, जावक क्रमांकासह, पान ३१३ म्हणून कादंबरीला जोडला जाईल आणि कादंबरी तिथे संपेल. मग ती छापली जावो अथवा न जावो.

आदेशाची प्रत श्रीमती चंद्रकला बाबनराव धकाते, पाचपावली, यांच्या नावे पाठवावी. त्यांना वाचता येत नाही. अर्जदार संध्याकाळी सातला कळमेश्वरहून आल्यावर त्यांना वाचून दाखवील.

आपला नम्र, आणि यापुढेही कळमेश्वरलाच असणारा,

(हेमराज बाबनराव धकाते)
नागपूर, दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) कादंबरीचे हस्तलिखित, पाने ३११ (पान ४ आपल्याकडे आहे).
२) प्रतिज्ञापत्र, सहीविना.
३) कोरा कागद, एक. आदेशासाठी.