पिवळे बल्ब जमा करणे

४ फेब्रुवारी

नोकरी लागली! हिरवी जर्सी, हिरवी टोपी, गळ्यात फोटोचं कार्ड. हुद्दा — ऊर्जादूत. आईने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, घरोघर फिरून विकायचं काय? म्हटलं, विकायचं नाही, वाटायचं. म्हणाली, मग जास्तच सांभाळून राहा.

कंपनी आमच्या टेकडीवरच्या वस्तीला अंधारातून बाहेर काढणार आहे. आम्ही अंधारात होतो हे मला आजच कळलं. खालच्या पिठाच्या गिरणीपासून एक वायर वर आली आहे, तिच्यावर सगळी वस्ती चालते — दिवे, पंखे, न्हाव्याचा रेडिओ. रडतखडत, पण चालते. कंपनीच्या मॅडम म्हणतात, याला ऊर्जा पोहोचणं म्हणत नाहीत. असेल. मॅडमच्या गाडीला एसी आहे, त्यांना जास्त माहीत.

६ फेब्रुवारी

आज 'आधीचे' फोटो. भर दुपारी. अंधारच मिळेना! शेवटी न्हाव्याच्या खिडकीला पोती लावली, बल्ब काढला, मेणबत्ती पेटवली. मॅडम न्हाव्याला म्हणाल्या, जरा दुःखी दिसा. तो म्हणाला, माझ्याकडून दाढी करून घेताना लोक दिसतात, तसा दिसू का?

७ फेब्रुवारी

तिच्या घरावरून चार वेळा गेलो. ऊर्जादूताला कारण लागत नाही.

ती अंडी उबवते. जुन्या कपाटाचं खोकं, पुढे काच, आत दोन पिवळे बल्ब, पाण्याची वाटी आणि छत्तीस अंडी. दिवसातून पाच-सहा वेळा एकेक अंडं हाताने फिरवते. तिचे वडील, म्हणजे काका, गवंडीकाम करायचे, आता त्यांचे हात कापतात. तेव्हापासून घर या खोक्यावर चालतं. काचेवर पेन्सिलने लिहिलंय — चोवीस. म्हणजे चोवीस तारखेला पिल्लं.

माझ्याकडे बघून म्हणाली, "टोपी उलटी आहे." एवढंच. पण बघितल्याशिवाय कसं कळलं?

१० फेब्रुवारी

नियम असा — जुने पिवळे बल्ब जमा करा, तेव्हाच पांढरे बल्ब आणि बॅटरीचा डबा मिळेल. जमा बल्ब ऑफिसात कुलपाखाली. चोवीसला मोठे साहेब येणार, तेव्हा ते काचेच्या कपाटात मांडायचे, वर पाटी — 'कालचा अंधार'. बल्बला अंधार म्हणणारी माणसं पहिल्यांदाच पाहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. जर्सी अंगात असली की हात आपोआप वाजतात.

एकशे वीस घरांपैकी एकशे एकोणीस झाली. राहिलं एक. तिचं! सारखी म्हणते, नंतर बघू.

१२ फेब्रुवारी

ती मावशीकडे गेली आहे, उद्या येणार. घरी फक्त काका. म्हटलं, काका, तिला चकित करू. घरातला एक बल्ब बदलला आणि खोक्यातले दोन. काका म्हणाले, "ते राहू दे रे, ते उजेडासाठी नाहीत." मी हसलो. म्हटलं, काका, बल्ब कशासाठी असतो मग?

खोकं नुसतं लखलखलं! अंडी मोत्यांसारखी. शंभर टक्के झाले म्हणून मॅडमनी पाठ थोपटली. उद्या ती काच उघडेल तेव्हा मी समोर हवा.

१३ फेब्रुवारी

गाढव. गाढव. गाढव.

दीड वर्ष इलेक्ट्रिकल शिकलो! पहिल्याच सत्रात होतं — पिवळा बल्ब म्हणजे चिमूटभर उजेड आणि बाकी सगळी उष्णता. सरांशी भांडून, वही भिरकावून बाहेर पडलो. आता यांच्याकडे शिकण्यासारखं काही उरलं नाही म्हणे! पांढरा बल्ब गार राहतो हे तर मीच घरोघर सांगत होतो. हात लावून बघा मावशी, चटका नाही.

काका रात्रभर विटा तापवून खोक्यात ठेवत बसले होते. त्या कापऱ्या हातांनी.

ती सकाळी परतली, काच उघडली. एक अंडं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. गार, खड्यासारखं.

"धर. कळलं?"

१४ फेब्रुवारी

खुडूक कोंबडी एकच. तिच्याखाली दहा अंडी मावली. उरलेली सव्वीस विटांवर.

मॅडमकडे गेलो, दोन बल्ब परत द्या म्हटलं. जमा झालेली वस्तू परत देण्याचा फॉर्मच नाही! शहरातली नऊ दुकानं फिरलो. पिवळे बल्ब येणं बंद झालंय. एका दुकानदाराने विचारलं, जुन्या वस्तूंचा नाद आहे का?

तिने दार उघडलं नाही.

१९ फेब्रुवारी

बॅटरीच्या डब्यातून मॅडमच्या फोनवर सगळं दिसतं. वस्तीत सगळ्यात कमी वीज कुणी वापरली? तिच्या घरी! दोन बल्ब गेले, खोकं थंड, वापर जवळजवळ शून्य. चोवीसला बक्षीस — 'आदर्श बचत घर'.

मी समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, नकारात्मक बोलू नको.

२४ फेब्रुवारी

कोंबडीने दहातली सात पिल्लं काढली. तिला कंपनीचं काहीच लागलं नाही. विटांवरच्या सव्वीसमधून एकही नाही.

बक्षिसासाठी बोलावलं तेव्हा ती हातात टोपली घेऊन स्टेजवर चढली. बक्षीस घेतलं नाही. टोपली साहेबांच्या हातात दिली. सव्वीस अंडी.

"ही तुमची बचत," म्हणाली. "यातून काही निघणार नाही."

साहेबांचे डोळे भरून आले. माइकवर म्हणाले, स्वतःच्या तोंडचा घास देणारी ही माणसं! फोटो. टाळ्या. पुन्हा फोटो, टोपली थोडी वर धरून.

मी टोपी, जर्सी स्टेजवर फेकली आणि जे सुचलं ते बोललो. सगळंच लिहिण्यासारखं नाही. नोकरी वीस दिवस टिकली. कॉलेज तरी दीड वर्ष टिकलं होतं.

२५ फेब्रुवारी

साहेब अंडी विसरून गेले. खुर्चीखाली होती. काकांनी उचलून नेली आणि पुरली.

२७ फेब्रुवारी

न्हावी सांगत होता. खोटं वाटलं, म्हणून स्वतः जाऊन बघून आलो.

कंपनीला तिचा चेहरा आवडला. पोस्टर होणार. शिवाय 'कालचा अंधार' बघायला पाहुणे येणार, ते कपाट पुसायला आणि माहिती सांगायला माणूस हवाय. तिने हो म्हटलं! माझीच जर्सी, बाह्या दुमडून. ऑफिसच्या दारात उभी राहून कुठल्याशा पाहुण्यांना हसून नमस्कार करत होती.

मी जिच्यासाठी स्टेजवर तमाशा केला, ती! संपलं. हे नाव पुन्हा या वहीत येणार नाही. तसं आजवर लिहिलंच नाही म्हणा.

२८ फेब्रुवारी

दुपारी दारात ती. हिरव्या जर्सीत. मी तोंड फिरवलं. तिने मूठ उघडली — काचेच्या कपाटाची किल्ली.

म्हणाली, "पाहुणे चारला येतात. त्याआधी दोन चालणारे बल्ब काढून दोन गेलेले ठेवायचे आहेत. वरच्या फळीवर आहेत आणि स्टूल हलतं. धरायला येतोस?"