घोरपडीवर उगारलेली तलवार

रोहणा, ता. आर्वी
१२ जानेवारी १९८६

साडूभाऊ दौलतराव यांस रूपरावचा रामराम.

मीराबाईंचे गुडघे थंडीत दुखतात का आणि तुमचा खोकला गेला का, हे आधी विचारा असे विमलने बजावले आहे, म्हणून विचारले. इकडे तूर बरी आहे, म्हैस व्यायली, आणि मी सोडून सगळ्यांची तब्येत उत्तम आहे. माझ्या तब्येतीला कारण तुमचे चिरंजीव.

दिवाळीत ताराचंद अमेरिकेहून आला, तेव्हा एक खेळ आमच्याकडे ठेवून गेला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचे आणि आपला माणूस काय करतो ते बोलायचे. जमले की फसले ते फासा ठरवणार. (फासेही असे, की एकेकाला वीस तोंडे. नत्थूजींनी एक खडीसाखर समजून तोंडात टाकला होता.) ताराचंद होता तोवर जेवणाआधी एक राक्षस मरायचा आणि जेवणानंतर दुसरा. तो गेला आणि मागे उरले नियमांचे जाडजूड इंग्रजी पुस्तक. ते वाचायला मी अण्णाजी मास्तरांना बोलावले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण गणितातली एक पायरी गाळलेली त्यांना अजून खपत नाही.

आता मी हा उद्योग का केला, ते सांगतो. नत्थूजी आणि बबनराव यांची शेते लागून आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. मधल्या धुऱ्यावरची बाभूळ कोणाची, यावरून दोघांचे बोलणे बंद होऊन बरीच वर्षे झाली. यंदा प्रकरण आर्वीच्या कोर्टात गेले, आणि दोघांनीही साक्षीदार म्हणून माझेच नाव दिले. दोघांच्या घरचा पाहुणचार मी खाल्लेला. कोणाच्या बाजूने बोलू? म्हणून एकमेकांना न कळवता दोघांनाही खेळायला बोलावले. एकमेकांना पाहून ते उठणार, तोच मास्तरांनी जाहीर केले की भुयाराचे दार मागे बंद झाले आहे, आता कोणाला बाहेर जाता येणार नाही. दोघेही मास्तरांचे विद्यार्थी, मुकाट्याने बसले. नत्थूजी तलवारबहाद्दर झाले, बबनराव औषधांची झोळी घेतलेले वैद्य, आणि मी चोर. (यावर विमल काय म्हणाली ते लिहीत नाही.)

भुयारात आग ओकणारी घोरपड निघाली. नत्थूजी ओरडले, "हाणली तलवार!" मास्तर म्हणाले, थांब. तलवारीची लांबी पाहिली. भुयाराची उंची पाहिली. जमीन ओली की कोरडी, मशाल कोणत्या हातात, अंगावरच्या चिलखताचे वजन किती, घोरपडीची कातडी पाठीवर जाड की पोटावर. प्रत्येकाला वेगळे कोष्टक, प्रत्येक कोष्टकाखाली बारीक अक्षरात अपवाद. एवढे होईपर्यंत गुरे घरी आली. नत्थूजींनी खरोखरचाच हात वर धरून ठेवला होता. "मास्तर, मारू देता का नाई? खांदा भरून आला न माह्या!" मास्तरांनी लगेच थकव्याचे कोष्टक उघडले. शेवटी फासा पडला, आणि वार चुकला.

असे कित्येक दिवस चालले. पुढे घोरपडीने नत्थूजींच्या माणसाला चावा घेतला आणि तो रक्तबंबाळ होऊन पडला. वाचवणार कोण, तर बबनराव! पण झोळी पाठीवर. ती उतरवायचा नियम वेगळा, तोंड सोडायचा वेगळा, अंधारात बाटली ओळखायचा आणखी वेगळा. मास्तर पाने उलटत होते, आणि बबनरावांच्या तोंडून गेले, "नत्थू, डोये मिटू नको रे! आलो मी!" नत्थूजी हळूच म्हणाले, "नाई मिटत. पण तू लवकर येजो."

मास्तर मग पुतण्याच्या लग्नाला पुलगावला गेले आणि रक्त वाहतेच राहिले. बबनराव रोज नत्थूजींच्या घरी जाऊन बसू लागले. कोर्टाच्या तारखेला दोघे एकाच एसटीने गेले आणि मिळून तारीख वाढवून आणली. अर्धा मेलेला माणूस साक्ष कशी ऐकणार, असे बबनरावांचे म्हणणे. मी सुखाने झोपू लागलो.

पण विमलची तूर वाळायला ओसरी मोकळी मिळेना. परवा ती पुस्तक मिटून चुलीपुढे त्यावरच बसली. "एकेक फासा टाका. मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. माही भाकर भाजून होईस्तोवर संपवा." मास्तरांचा चेहरा उतरला, पण पुस्तक मागायची हिंमत त्यांनाही झाली नाही. भाकर उलटायच्या आत बबनरावांनी जखम बांधली, नत्थूजी उठले आणि घोरपड मेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग तिच्या अंगाखाली सोन्याचा हंडा निघाला.

नत्थूजी म्हणाले, "माह्या तलवारीनं मेली." बबनराव म्हणाले, "तू तं माह्या दवाईनं जिता हायेस!" हंडा भुयाराच्या कोणत्या बाजूला आहे यावरून सुरुवात झाली आणि बाभळीवर शेवट. दोघे दोन दिशांनी घरी गेले. कोर्टाची तारीख पुढल्या आठवड्यात आहे, आणि माझी साक्ष दोन्हीकडून कायम आहे.

मीराबाईंना नमस्कार, घरच्या सर्वांना आशीर्वाद. कधी येता ते कळवावे.

तुमचा,
रूपराव

ता.क. खरे काम लिहायचे राहिले. ताराचंद म्हणत होता, लढाईच्या नियमांचे याहून मोठे पुस्तक निघते आणि त्यात एका वाराला दुप्पट वेळ लागतो. ते ताबडतोब मागवा.

ता.क. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात मास्तर धावत आले. विमलचा नियम पुस्तकात नसल्यामुळे घोरपड मेलेली नाही, असा त्यांनी निकाल दिला आहे. निरोप मिळताच दोघे आले. नत्थूजी ओसरीवर आडवे झाले आहेत आणि बबनराव झोळीचे तोंड सोडत आहेत. तरी पुस्तक पाठवाच.

ता.क. विमलही आता खेळायला बसली आहे. तिने विचारले आहे की नव्या पुस्तकात आपल्याच सोबतच्या चोराला मारायचा नियम केवढा आहे. लांबलचक असेल तर माझी हरकत नाही. एका ओळीचा असेल, तर तेवढे पान फाडून मग पाठवा.