फाट्यावरचं बॅनर

२ डिसेंबर

लिही. आज कपाशी वेचली. धुऱ्याकडची, बांधाजवळची, राह्यली. हात फाटले.

शाळेतल्या मॅडमनं साक्षीले सांगितलं, रोज एक पान लिहीत जा, मन हलकं होते. साक्षी म्हणे, माह्याजवळ लिहायले काही नाही. मी म्हणलं, माह्याजवळ लय हाय, पण मले अक्षर येत नाही. मंग असं ठरलं. तोंड माहं, हात नातीचा. मॅडम वाचन तं तिले वाटन, दहावीतच पोरगी म्हातारी झाली.

सून र., म्हणजे हिची माय, भादव्यात गेली. तापानं. तवापासून घरात कोणी रडत नाही अन बोलतही नाही. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट खातात. परवा मी मुद्दाम नाही टाकलं. कोणी काही म्हणलं नाही.

सुनेचं नाव सांगितलं तं साक्षीनं पेन लवकरच उचलला. ‘पूर्ण लिहिलं का वं?’ म्हणे, ‘र लिहिलं. पुरते.’ बरं. र तं र.

४ डिसेंबर

साक्षी जिल्ह्यात पयली आली. वाशिमले पळायच्या शर्यती होत्या. शाळेत टाळ्या, पेढे, हेडसरचं भाषण. घरी आली, बूट काढले अन भांडे घासाले बसली. मी म्हणलं, पयल्या नंबरवाले भांडे घासत नसतात. म्हणे, ‘मंग तू घास.’

दिन्या, म्हणजे माहा लेक, हिचा बाप, जेवतानी म्हणे, ‘कोण पयलं आलं?’ सांगितलं. म्हणे, ‘बरं.’ टीव्ही बंद होता. त्याच्याकडंच पाहत होता.

आता अमरावतीले पळायचं. सगळ्या विभागाचे पोरंपोरी येतात म्हणे.

७ डिसेंबर

डोळ्याचं औषध आणाले मंगरूळले गेली होती. परत येऊन फाट्यावर उतरली. पाह्यलं तं साक्षीचं मोठं बॅनर. फोटोच्या भवताल पिवळे फुलं. खाली गावातले सगळे पुढारी हात जोडून. बांबूचा सांगाडा तोच, फुलं तेच, हात जोडणारे तोंडं तेच. र. गेली तवा असंच लागलं होतं.

चहावाल्याले विचारलं, ‘बापू, हे कायचं हाय?’

‘आजी, अभिनंदन हाय. तुमची साक्षी.’

मी म्हणलं, सांगत जाय बाप्पा. जिंकल्याचे फुलं कोणते अन मेल्याचे कोणते, म्हातारीले कसं समजन?

एरवी बापू दात काढते. आज नाही काढले. चहाचे पैसेही नाही घेतले.

८ डिसेंबर

साक्षी शाळेत गेली नाही. सकाळची पळायलेही गेली नाही. बूट कोनाड्यात. काहून वं? तं म्हणे, पाय दुखते.

लिही, पाय दुखत नाही.

लिहिलं का?

म्हणे, लिहिलं.

१० डिसेंबर

खेळाच्या मॅडम घरी आल्या. अंगणात खाटेवर बसल्या, चहा अर्धाच घेतला. त्याइनं सांगितलं तवा मले समजलं.

बॅनर छापणाऱ्या पोट्ट्यानं र. चंच बॅनर काँप्युटरवर उघडलं. फोटो बदलला, वरचं बदललं, खालचं राह्यलं. ‘शुभेच्छुक, समस्त गावकरी’ पाहिजे होतं. तिथं ‘शोकाकुल, समस्त गावकरी’ छापून आलं. वर्गातले पोट्टे आता हिले शोकाकुल म्हणूनच हाक मारतात. ज्याले ज्याले वाचता येते, त्या सगळ्याइले माहीत होतं. मी एकटीच त्याच्या खालून मिरवत येत-जात होती.

मॅडम म्हणाल्या, ‘साक्षी बेटा, अमरावतीला येशील ना?’

‘पाहतो.’

नवीन बॅनर छापतो म्हणते सरपंच. सरपंचाचं ‘छापतो’ मले माहीत हाय.

दिन्याले विचारलं, तुले माहीत होतं का? म्हणे, ‘हो.’ मंग बोलला काहून नाही? म्हणे, ‘खोटं थोडीच हाय, माय.’

हे मॅडमले दाखवू नको.

११ डिसेंबर

पानाच्या डबीतला चुना घेतला अन फाट्यावर गेली. चहावाल्याचं स्टूल मागितलं. तो म्हणे, ‘आजी, पडान.’ म्हणलं, पडली तं माहंही बॅनर लाव, सांगाडा तयार हाय.

शब्दाले चुना फासला. चांगला जाड. ज्या शब्दानं एवढा घोळ केला तो लहान कसा असन? म्हणून सगळ्यात मोठा पाहूनच फासला.

घरी येऊन सांगितलं, मिटवलं म्हणलं. साक्षी पाहाले गेली. परत आली तं तोंडावर ओढणी दाबून.

‘आजी, तू अभिनंदनाले चुना लावला.’

आता वर काहीच नाही. मधात पोरीचा फोटो. खाली शोकाकुल.

साक्षी न्हाणीजवळच्या दगडावर बसून हासाले लागली. लय दिवसानं. हासता हासता दुसरंच सुरू झालं. मी पाठीवर हात नाही ठेवला. तुरीच्या शेंगा सोलत बसली. थोड्या तिच्याकडं सरकवल्या. मंग तिनंही सोलल्या, नाक ओढत.

हे लिहितानी वर पाहत नाही. पण लिहून राह्यली.

१३ डिसेंबर

साक्षी शाळेत गेली. काय झालं विचारलं तं म्हणे, काही नाही. बूट पुसले. घातले नाही. अमरावतीचं विचारलं. पाहतो.

जेवतानी साक्षी म्हणे, भाजीत मीठ कमी हाय. दिन्यानं मान वर केली.

१५ डिसेंबर

आज अक्षर दुसरं हाय. दिन्या लिहून राह्यला. याचं अक्षर शाळेतही वाईट होतं, मास्तर सांगत.

साक्षी सकाळच्या गाडीनं मॅडमसंग अमरावतीले गेली. बूट पायात होते.

दिन्या तिले फाट्यावर सोडाले गेला अन तिथंच रेंगाळला. चुन्याचं बॅनर त्यानं सोडलं. खालून रेखाचं निघालं. ते कोणी काढलंच नव्हतं, हे वरून बांधलं होतं. तिच्या खाली तोच शब्द हाय म्हणे. तिथं बरोबर बसते.

तिचं नाव आलं तं याचा पेन लय वेळ चालला. मी म्हणलं, पोरीचं एका र मध्ये भागते.

मंग म्हणे, ‘माय, रेखाचं काढू का?’

म्हणलं, राहू दे. पोरगी उद्या गाडीतून उतरन. जिंकून येवो का हारून येवो, फाट्यावर घ्यायले कोणी तरी पाहिजे.

फोन अजून नाही आला.