दर रविवारची गोळी

धाकटे, दादाचे अनेक आशीर्वाद.

मनगट छान जुळलं, काळजी नको. नुसता उंबऱ्याला अडखळलो तर हाड मोडलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. हाडं ठिसूळ झाली आहेत.

आता दर रविवारी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तेवढा वेळ मी शाळेतल्या कविता म्हणतो. सूनबाई म्हणते, “बाबा, गोळी एक आणि कविता बारा!” कडव्यात अडलो की तू आठवतेस.

आईची पाठ वाकत गेली, तेव्हा आपण वय झालं म्हणून सोडून दिलं. परवाच्या फोटोत तू यजमानांच्या खांद्याखाली दिसलीस. पूर्वी त्यांच्या कानाला लागायचीस. उंची अशी कमी होणं हेही ठिसूळ हाडांचंच लक्षण, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तपासणी करून घे गं.

“बघू नंतर” म्हणशील, म्हणून यजमानांनाही वेगळं पत्र टाकलंय.

तुझाच,
दादा