तीन तास जास्त दळलेला दगड

प्रिय ठकू,

तुझी आई म्हणाली, रविवारी तू तुझी फरश्यांची भट्टी विकतेयस. गिऱ्हाईक बघूनही गेलं म्हणे. फोनच केला असता, पण आठ महिने आपण फोनवर 'बरंय ना' आणि 'बरंय'च्या पुढे गेलेलो नाही. म्हटलं, कागद बरा, मध्येच ठेवून देत नाही.

इकडे आमच्या दगड दळायच्या गिरणीत गंमत चाललीय. प्रयोगशाळेत एक नवी मुलगी आलीय, तुझ्याइतकीच फटकळ. मला म्हणाली, काका, वर्षभर हा वोलॅस्टोनाइट दळताय, तो होतो कसा ते माहितीये? मी म्हटलं, दगडाचं कूळ विचारून कोणी दळतं का? तरी तिनं सांगितलंच. पृथ्वीच्या पोटातला तप्त रस चुनखडीत घुसला, त्या धगीत चुना आणि वाळूतली सिलिका एकजीव झाली आणि हा पांढरा दगड तयार झाला. मग सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. ठकू, नुसत्या सुया गं! लांब, नाजूक सुया. फरशीच्या मातीत ही पूड मिसळली की याच सुया मातीला धरून ठेवतात, म्हणून फरशी तडकत नाही. रंगात, प्लास्टिकमध्ये, गाड्यांच्या ब्रेकमध्येसुद्धा हाच घालतात. घरी येऊन हे सगळं तुझ्या आईला ऐकवलं, तर म्हणते, थोडा तुमच्या तोंडाला लावा, तिथे ब्रेकच नाहीये.

शाळेच्या भिंतीसाठी तू केलेल्या त्या फरश्या अजून डोळ्यांसमोर येतात. साठच्या साठ तडकल्या. तू उलट्या बादलीवर बसून तुकडे रंगांप्रमाणे वेगळे करत होतीस, आणि मी तुझ्या कारागिरांसमोर तुला सुनावत होतो की घाई नडली, भट्टी भराभर तापवलीस. तू एवढंच म्हणालीस, बाबा, भट्टी बरोबर होती. मी हसलो. त्या हसण्याची मला फार लाज वाटते.

त्या फरश्यांच्या मातीत घालायला याच दगडाचं जे पोतं तुला दिलं होतं, त्यातली मूठभर पूड मी बरणीत जपून ठेवली होती, माझ्या हातचा सगळ्यात बारीक माल म्हणून. मंगळवारी मोठ्या ऐटीत ती त्या मुलीला दाखवली. तिनं बघितलं आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. मग मी डोळा लावला. एक सुई शिल्लक नव्हती, सगळा चुरा. हा दगड सगळ्यांसाठी मी एक तास दळतो. तुझा चार तास दळला होता. जन्मभर चुनखडी दळलेला माणूस मी, बारीक तेवढं चांगलं, एवढंच मला ठाऊक. लेकीसाठी म्हणून तीन तास जास्त दळला, आणि सगळ्या सुया मोडून टाकल्या. भट्टी बरोबर होती, ठकू. तूही बरोबर होतीस. चूक माझी. शनिवारी सकाळच्या गाडीनं एक तासच दळलेलं पोतं घेऊन येतोय. कारागिरांना थांबवून ठेव, ज्यांच्यासमोर तुला बोललो त्यांच्यासमोरच हे सांगायचंय. त्यानंतरही भट्टी विकावीशी वाटली तर खुशाल वीक, पण माझ्या चुकीपायी विकू नकोस.

तुझाच,
बाबा