खुर्चीचा आयडी

१२ फेब्रुवारी २००९
आजही अडलं. माणूस खात्याच्या सर्व्हरवर लॉगिन करतो, तिथून सही केलेली डिजिटल चिठ्ठी आमच्या वैद्यकीय पोर्टलकडे येते, आणि आमचा कोड ती परत पाठवतो — मुदत संपली म्हणून. आत्ता निघालेल्या चिठ्ठीची मुदत संपेल कशी?

१३ फेब्रुवारी
आमच्या सर्व्हरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं. त्यात चार दिवस गेले. आमचा मॅनेजर गौरव म्हणतो, "मॅम, दिल्ली में पहली बार कोई टाइम से पहले पहुँचा है."

१५ फेब्रुवारी, रविवार
पोर्टल नवऱ्याच्याच खात्याचं. जेवताना पद्माकरला सहज सांगितलं, चिठ्ठीतल्या मेल आयडीवरून आम्ही माणूस ओळखतो. त्याचा हात थांबला.
"अगं, तो आयडी माझा कुठेय? खुर्चीचा आहे. माझ्या आधी भालचंद्र वापरायचे. माझ्यानंतर जो येईल तो वापरेल."
म्हणजे बदली झाली की नवा साहेब लॉगिन करणार आणि जुन्याचे रिपोर्ट वाचणार. पद्माकरच्या फाइलीत मनोविकारतज्ज्ञाचे दोन वर्षांचे कागद आहेत. ऑफिसात कुणालाच माहीत नाही. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत आमच्या जिन्यावरही नाही.
"बघशील ना?" एवढंच म्हणाला.

१६ फेब्रुवारी
कोडमध्ये चार ओळींचं काम — मेलऐवजी कर्मचारी क्रमांक. पण क्रमांक चिठ्ठीत घालायचा खात्याने. त्यांच्या संगणक कक्षाच्या शालिनी मॅडम म्हणाल्या, "फाइल ऊपर जाएगी. महीना समझिए." उद्घाटन पुढच्या सोमवारी.
गौरव: "तबादले जून में होते हैं, मॅम. तब तक हो जाएगा. चलो, साइन कर दो."
पोर्टल तयार असल्याच्या कागदावर सही केली. एकोणीस वर्षांत एक तारीख चुकवलेली नाही.
घरी पद्माकरने विचारलं, "झालं?"
झालं म्हटलं.

२३ फेब्रुवारी
सुरू. नारळ, पेढे, फोटो. एकही लॉगिन अडलं नाही.

६ मार्च
शालिनी मॅडमना तिसरं पत्र. "फाइल चल रही है."

१३ मार्च, शुक्रवार
पद्माकरची बदली. नागपूर, तातडीने. सोमवारी त्याच्या जागी नवा माणूस. पद्माकर खूश — आई जवळ येणार.
गौरवला फोन केला, लॉगिन बंद करू या. "पूरा पोर्टल? यार, मंडे को बात करते हैं." थांबले. का थांबले?

१६ मार्च, सोमवार
कॅब हायवेवर अडकली. नऊ चाळीसला पोचले आणि उभ्या उभ्या लॉगिन बंद केलं, सगळ्यांचं. कुणाला विचारलं नाही. मग सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या. नऊ बाराला पद्माकरच्या खुर्चीच्या आयडीवरून लॉगिन. त्याची वैद्यकीय फाइल अकरा मिनिटं उघडी होती.
पद्माकर घरी पुस्तकं बांधतोय. निरोप समारंभाला चारला ऑफिसात जायचंय त्याला.