रुळांच्या वाटेचे अध्यक्ष

प्रिय वहिनी,

तुम्हाला वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत उसण भरली, त्यामुळे तो अर्ध्यावर राहिला, पण पुरा पोचला असं समजावं.) तुमचे गुडघे कसे आहेत? फोनवर विचारलं की तुम्ही "बरे आहेत" म्हणता आणि लगेच माझ्या खोकल्याकडे वळता, म्हणून या वेळी लेखी विचारतो आहे. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, हे मी अध्यक्ष झाल्यापासून शिकलो. हो, अध्यक्ष. ज्याला घरात पंखा किती वर ठेवायचा हेही कधी कुणी विचारलं नाही, तो तुमचा धाकटा दीर एका समितीचा अध्यक्ष झाला आहे. हिला ही बातमी सांगितली तेव्हा ती उशांना अभ्रे घालत होती. हातातला अभ्रा पुरा घालून झाल्यावर तिने शांतपणे विचारलं, "दुसरं कुणी नव्हतं का?"

खरंच नव्हतं. त्याचं असं झालं. आमच्या घरामागून जाणारी आगगाडी बंद झाली, रूळही उचलून नेले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता नगरपालिकेने त्या जागी बारीक खडी दाबून बसवली आणि लोकांना हिंडाफिरायला वाट करून दिली. वाट सुरेख झाली आहे, वहिनी. दोन्ही अंगांना झाडं, मधे एक जुना दगडी पूल डोक्यावरून जातो, आणि चढ म्हणाल तर नावालाही नाही. (आगगाडीला चढ झेपत नसे. तिच्या त्या नाजूकपणाचा फायदा आता आमच्या गुडघ्यांना.) पण वाट एक आणि हक्क सांगणारे तीन. पायी चालणारे, सायकलवाले आणि पाववाला. पाववाल्याचा वेगळा पक्ष कशासाठी, असं तुम्ही विचाराल. त्याच्याकडे एक म्हातारी घोडी आहे. पूर्वी ती पावाची गाडी ओढायची. आता ती काही करत नाही, पण रोज फिरवली नाही तर तिचे पाय धरतात, आणि ती फिरली नाही तर पाववाल्याला चैन पडत नाही. वाट उघडून महिना झाला नाही तोच दोघांची कोपरं सोलवटली आणि एका छत्रीने सायकलच्या चाकात प्राण सोडला. मग नगरपालिकेचं बजावणं आलं की तिन्ही पक्षांनी मिळून नियम ठरवा, नाहीतर फाटकाला कुलूप लावतो.

जुन्या स्टेशनच्या प्रतीक्षालयात बैठक भरली. चालणाऱ्यांच्या पुढारी भूगोलाच्या बाई. त्या निवृत्त झाल्या, पण आवाज अजून नोकरीत आहे. सायकलवाल्यांचे पुढारी आमचे दाताचे डॉक्टर, ज्यांच्यासाठी मी जन्मभर कवळ्या केल्या. मी आपला कोपऱ्यात बसलो होतो, कारण तिथे ऊन येत होतं. अध्यक्ष कोण, यावर बरंच भांडण झालं, आणि शेवटी बाई म्हणाल्या की जो चालत नाही, सायकलवर बसत नाही आणि ज्याच्याकडे जनावर नाही, असा तटस्थ माणूस हवा. सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. म्हणजे वहिनी, मी काहीच करत नाही हीच माझी पात्रता ठरली. शिवाय त्या खोलीतले निम्मे लोक माझ्याच दातांनी हसत होते, त्यामुळे मला रागावताही येईना. आपल्या हाताने बसवलेली बत्तिशी आपल्याकडे पाहून उघडली की कारागिराला बरंच वाटतं.

अध्यक्षपद म्हणजे दोन्हीकडून थापट्या खाणारा मृदंग. डॉक्टरांचं म्हणणं, मधोमध पांढरी रेघ मारा, डावीकडे पाय, उजवीकडे चाकं. बाईंचं म्हणणं, आम्ही चौघी शेजारी-शेजारी चालतो, एकीमागे एक चालायला आम्ही काय मुंग्या आहोत, आणि मग गप्पा कुणाशी मारायच्या, पुढचीच्या अंबाड्याशी? पाववाल्याने एवढंच विचारलं की घोडीला रेघ कशी समजवायची. मग घंटीचा विषय निघाला. सायकलवाल्यांनी घंटी वाजवावी, तर चालणारे दचकतात. वाजवू नये, तर त्याहून जास्त दचकतात. मी सुचवलं की सायकलवाल्यांनी लांबूनच बारीक शीळ घालावी. त्यावर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुद्दा स्वतःच खोडला. अखेर काहीच ठरेना, तेव्हा रविवारी सगळ्यांनी एकदम वाटेवर येऊन पाहावं असा तोडगा मी काढला. (तोडगा मुळात हिचा होता. पण तुम्हाला म्हणून सांगतो.)

रविवारी मी पुलाखाली उभा राहिलो. तिथे वाट चिंचोळी होते, दोन्ही बाजूंना ओल्या दगडांच्या भिंती. हातात रुमाल, कारण अध्यक्षाच्या हातात काहीतरी हवं. एकीकडून बाई आणि त्यांचं पथक आलं, दुसरीकडून डॉक्टर आणि त्यांच्या सायकली, आणि नेमकी दोघांच्या मधे पाववाल्याची घोडी आली आणि आडवी थांबली. पाववाल्याने गोंजारलं, विनवलं, शेवटी तिच्याशी अबोला धरला. ती हलेना. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. मी रुमाल हलवला, तेव्हा तिने तो हुंगला आणि खाऊन टाकला.

आता खरी गोष्ट सांगतो, वहिनी. बाईंबरोबर त्यांचे यजमान होते. ते पूर्वी बासरी शिकवायचे. गेल्या काही वर्षांत ते एकेक गोष्ट विसरत चालले आहेत. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, आता कधीकधी बाईही. बाई त्यांचा हात सोडत नाहीत, आणि म्हणूनच त्यांना एकामागे एक चालायला नको असतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. सगळ्यांची हमरीतुमरी चालली असताना ते गृहस्थ बाईंचा हात सोडवून पुढे झाले. घोडीच्या मानेवर त्यांनी हात ठेवला, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले. घोडीही वळली आणि त्यांच्या जोडीने चालू लागली. बाई त्यांना हाक मारायला निघाल्या होत्या, पण डॉक्टर हळूच म्हणाले, "जाऊ द्या त्यांना पुढे. आपण मागून जाऊ."

आणि डॉक्टर सायकलवरून उतरले. त्यांचं पाहून बाकीचेही उतरले. सायकली हातात धरून, चालणाऱ्यांत मिसळून, ती सगळी वरात त्या दोघांच्या पावलांनी पुलाखालून निघाली. पुलाखाली आवाज घुमतो, म्हणून सगळे आपोआप हळू बोलत होते. बाई रडत होत्या की काय, मी पाहिलं नाही, कारण पाहायचं नाही असं मी ठरवलं. पलीकडे उजेडात आल्यावर यजमान मागे वळले आणि बाईंना म्हणाले, "तू दमलीस का गं?" बाई म्हणाल्या की नाही, अजिबात नाही. मी पाठ फिरवून रुमाल शोधू लागलो, आणि तो कुठे गेला ते आठवलं.

त्या दिवशी नियम ठरले. रेघ नाही. घंटीऐवजी माणसाला हाक मारायची. आणि पुलाखाली, जो सगळ्यांत हळू असेल त्याच्या मागून बाकीच्यांनी जायचं. नगरपालिकेचा माणूस म्हणाला की हा कसला नियम, याला दंड किती? तेव्हा सगळी समिती त्याच्याकडे पाहून हसली, आणि माझ्या कवळ्यांची चमक पाहून तो निमूटपणे सही करून गेला.

बाकी सर्व ठीक. खोकला कमी आहे. तब्येतीला जपा.

तुमचा,
बारकू

ता. क. – एक सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात वाटेचं रीतसर उद्घाटन आहे, आणि अध्यक्षांनी सायकलवरून पुढे जावं असा समितीचा आग्रह आहे. वहिनी, मला सायकल येत नाही. दादाला लग्नानंतर तुम्हीच शिकवली होतीत, तो सांगायचा. इथे कुणाला सांगायची सोय नाही. तुम्ही चार-आठ दिवस येऊन मला शिकवाल का? माझं फार अडलं आहे.

ता. क. २ – जाऊबाई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून ही चार वाक्यं माझी. यांना सायकल उत्तम येते. लग्न झालं त्या वर्षी मला मागे बसवून गावभर हिंडवलं आहे. गेल्या आठवड्यात यांनी डॉक्टरांकडून दोन जणांची सायकल आणली आणि मागची बैठक तुमच्या गुडघ्यांना सोसेल अशी करून घेतली. भावोजी गेल्यापासून तुम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही, हे आम्हाला तुमच्या शेजारणीकडून कळतं. "हवापालटाला या" म्हटलं तर तुम्ही येणार नाही, पण "माझं अडलं आहे" म्हटलं तर चप्पल घालून निघाल, असा यांचा हिशेब आहे. तेव्हा या. मी हे कळवलं असं मात्र त्यांना दाखवू नका. तुमच्यासमोर दोन-तीनदा पडायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि सध्या मागच्या अंगणात त्याचाच सराव चालू आहे.